‘आमच्यात असं असतं’ : मुस्लिम कुटुंबात वारसावाटणी कशी करावी

मय्यतीनंतरचे चाळीस दिवस सरले की घरात वाटणीचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो ‘आमच्यात असं असतं’ या वाक्याने निघतो. आमच्यात बहिणी घेत नाहीत. आमच्यात राहते घर धाकट्याचे. आमच्यात मुलीला लग्नात दिले तोच तिचा हिस्सा. मुंबईतील एखाद्या जुन्या इमारतीत एकाच मजल्यावर कोकणी, मेमन, दखनी आणि बोहरा अशी चार बिऱ्हाडे असतील, तर या चार घरांतले ‘आमच्यात’ चार प्रकारचे असते, आणि चौघांनाही आपापली रीत हीच शरीअत वाटते. या घराण्यांत आपसांत सोयरीक झालेली असली, म्हणजे सून मेमन आणि जावई दखनी असला, की बैठकीत दोन-तीन रीती एकमेकींसमोर उभ्या राहतात.

महाराष्ट्रातील मुस्लिम कुटुंबात वाटणी करताना कोणत्या क्रमाने जावे, कायद्याने ठरलेला भाग कोणता आणि रूढीला जागा कुठे आहे, एवढेच येथे सांगायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो : प्रत्येक वारसाचा हिस्सा आधी आकड्यात लिहावा, तो त्याला वाचून दाखवावा, आणि कोणाला काही सोडायचे असेल, भावाला द्यायचे असेल किंवा आईच्या नावे ठेवायचे असेल, तर तो विषय त्यानंतर काढावा. हा क्रम उलटला की जे राजीखुशीने झाले असते तेच दहा वर्षांनी दिवाणी दाव्यात दिसते.

पहिला प्रश्न : मरण पावलेली व्यक्ती कोणत्या मजहबची?

हिस्से ठरतात ते मृत व्यक्तीच्या मजहबनुसार, म्हणजे ती सुन्नी की शिया आणि त्यांतही कोणत्या पंथाची यावरून. वारसांच्या मजहबचा त्याच्याशी संबंध नसतो. सुन्नी घरातून शिया घरात गेलेल्या मुलीला वडिलांच्या तर्क्यातला, म्हणजे त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतला हिस्सा सुन्नी हिशेबाने मिळतो, आणि नवऱ्याच्या तर्क्यातला शिया हिशेबाने. भारतातील न्यायालये मुसलमान पक्षकार सुन्नी आणि सुन्नी असल्यास हनफी आहे असे गृहीत धरून चालतात; तसे नसेल तर ते सांगावे आणि सिद्ध करावे लागते. कोकणी मुसलमान सर्वसाधारणपणे सुन्नींतल्याच शाफई पंथाचे, दखनी आणि मेमन हनफी, दाऊदी बोहरा इस्माइली शिया. खोजांमध्ये बहुसंख्य आगाखानी इस्माइली असले तरी इस्ना अशरी (बारा इमाम मानणारे शिया) आणि सुन्नी खोजेही आहेत, त्यामुळे ‘खोजा’ एवढ्या शब्दावरून हिशेब मांडू नये.

फरक किती पडतो हे एका लहान कुटुंबावरून पाहावे. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एकुलती एक मुलगी आणि सख्खा भाऊ. ते सुन्नी असतील तर पत्नीला १/८, मुलीला १/२ आणि उरलेले ३/८ भावाला मिळतात. तेच गृहस्थ इस्ना अशरी शिया असतील तर पत्नीला १/८, मुलीला ७/८ आणि भावाला काहीच नाही, कारण शिया कायद्यात मूल हयात असताना भाऊ वारसांच्या वर्गातच येत नाही. नाती तीच आणि घरही तेच असताना भावाचा रुपयातला सहा आण्यांचा वाटा एका शब्दावर येतो किंवा जातो. म्हणून वाटणीच्या कागदाच्या पहिल्या ओळीतच मजहब लिहावा.

हनफी आणि शाफई यांच्यात नेहमीच्या कुटुंबात फरक जाणवत नाही. तो जाणवतो निपुत्रिक व्यक्तीच्या बाबतीत : वडील आधी गेलेले, पण वडिलांचे वडील आणि सख्खे भाऊ हयात असतील, तर हनफी मतानुसार आजोबा भावांना वगळतात आणि शाफई मतानुसार आजोबा आणि भाऊ वाटून घेतात. असे प्रकरण आले तर कोकणी घराने आपण शाफई असल्याचे आवर्जून मांडावे.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर विचारून घ्यावी. मृत व्यक्तीचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेला असेल, तर तिच्या मालमत्तेचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ नुसार जातो आणि पुढचा सगळा हिशेब तेथे लागू पडत नाही. आंतरधर्मीय विवाहांत हे हमखास विसरले जाते.

रूढीला कायद्यात जागा किती?

‘आमच्यात मुलींना देत नाहीत’ हे एकेकाळी न्यायालयात चालत असे, आणि ते मुंबईतच चालले. १८४७ साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि कच्छी मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला होता. या जमाती हिंदूंतून मुसलमान झालेल्या असून वारशाच्या बाबतीत जुनीच रीत पाळत आल्या आहेत, असे सांगून न्यायालयाने रूढी मान्य केली आणि मुलींचा दावा फेटाळला. कच्छी मेमनांना शरीअत स्वीकारण्याचे निवेदन करण्याची मुभा १९२० च्या कायद्याने मिळाली, आणि १९३८ च्या कायद्याने वारशात मुस्लिम कायदा त्या सर्वांनाच लागू झाला. मधल्या काळात, १९३७ साली, मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरीअत) लागू करण्याचा अधिनियम आला. त्याच्या कलम २ ची सुरुवातच कोणतीही रूढी विरुद्ध असली तरी, अशा आशयाची आहे. मृत्युपत्राशिवाय होणारा वारसा, स्त्रियांची मालमत्ता, मेहेर (निकाहात नवऱ्याने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम), हिबा (हयातीत दिलेले बक्षीस) हे विषय त्या कलमात आहेत. त्यामुळे फ्लॅट, दुकान, बँकेतील ठेव, सोने, वाहन यांच्या वाटणीत ‘आमच्यात असं असतं’ हे वाक्य आज कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

तरी दोन दारे उघडी राहिलेली आहेत. पहिले शेतजमिनीचे. कलम २ मधून शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, कारण तो प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता. केरळ आणि तमिळनाडू येथे पुढे दुरुस्ती करून ही त्रुटी भरून काढली गेली. महाराष्ट्रातील जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात १८२७ च्या मुंबई नियमन ४ चे कलम २६ महत्त्वाचे ठरते : कायदा नसेल तर त्या प्रदेशाची रूढी, आणि रूढी सिद्ध झाली नाही तर प्रतिवादीचा कायदा. व्यवहारात याचा अर्थ असा, की शेतजमिनीतही मुस्लिम कायद्याचेच हिस्से धरले जातात आणि ज्याला वेगळी रूढी सांगायची आहे त्याला ती प्राचीन, सातत्याने पाळलेली आणि निश्चित आहे हे पुराव्याने दाखवावे लागते. गावकीतल्या चार म्हाताऱ्यांनी ‘असंच चालत आलंय’ म्हटल्याने हा पुरावा सहसा उभा राहत नाही.

दुसरे दार वसियतीचे, म्हणजे मृत्युपत्राचे आहे. वसियत आणि दत्तक हे विषय कलम २ मध्ये नसून कलम ३ मध्ये आहेत, आणि ते एखाद्या व्यक्तीने विहित निवेदन केल्यावरच शरीअतीखाली येतात. म्हणून खोजांसारख्या जमातीत संपूर्ण मालमत्तेची वसियत करण्याची जुनी रूढी न्यायालयांपुढे टिकलेली दिसते.

रूढी म्हणजे बाईवर अन्याय असे मात्र सरसकट समजू नये. लक्षद्वीपच्या मुसलमानांत आईच्या वंशाने चालणाऱ्या तरवाडाच्या, म्हणजे एकत्र घराण्याच्या, सामाईक मालमत्तेला ‘शुक्रवारची’ आणि स्वतः कमावलेल्या मालमत्तेला ‘सोमवारची’ मालमत्ता म्हणतात. पहिली मातृवंशाने जाते, दुसरी शरीअतीने. काश्मीरमध्ये घरजावई आणून माहेरीच राहिलेल्या मुलीला, म्हणजे खानानशीन दुख्तरला, रूढीनेच वारसा मिळत असे. एकाच समाजाने दोन कायद्यांना दोन वेगळ्या पेट्या दिल्या, ही लक्षद्वीपची युक्ती मला नेहमीच हुशारीची वाटत आली आहे.

तर्क्यात काय येते आणि काय येत नाही

यादी करताना घाई होते, आणि पुढच्या भांडणांची मुळे बहुधा येथेच असतात. मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद नाही, जन्मतः हक्क नाही आणि एकत्र कुटुंबाचा कर्ताही नाही. जे मृत व्यक्तीच्या मालकीचे होते ते सगळे तर्क्यात, आणि जे तिच्या मालकीचे नव्हते ते बाहेर. पत्नीच्या अंगावरचे आणि तिच्या नावाच्या लॉकरमधले दागिने पत्नीचे. ते नवऱ्याच्या यादीत धरू नयेत. मुलाने स्वतःच्या पगारातून बांधलेला वरचा मजलाही वडिलांचा होत नाही, पण त्याचे कागद आताच पुढे काढावेत.

नामनिर्देशनाविषयी गैरसमज फार. बँकेच्या ठेवीत किंवा गृहनिर्माण संस्थेच्या नोंदीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे, त्याच्या हाती मालमत्ता सोपवली जाते. तेवढ्याने तो मालक होत नाही आणि ती रक्कम किंवा सदनिका वारसांत वाटायचीच असते. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांचा स्वतःचा हक्क मानला जातो, म्हणून पॉलिसी वेगळी काढून तपासावी. पागडीच्या खोलीचेही तसेच. भाडेकरूचा हक्क फरायजच्या, म्हणजे शरीअतीतल्या वारसा-हिश्शांच्या, हिशेबाने तुकडे होऊन जात नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मृत्युसमयी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा विचार आधी होतो.

वाटणीपूर्वीच्या वजावटी

कुराणातील सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतींत प्रत्येक हिश्शाबरोबर एक अट पुन्हा पुन्हा आली आहे : वसियत आणि कर्ज यांच्या फेडीनंतर. प्रत्यक्षात क्रम असा लागतो : कफन-दफनाचा वाजवी खर्च, मग कर्जे, मग उरलेल्यातून जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत वसियत, आणि त्यानंतर जे उरेल ते वारसांचे. चाळिसाव्याचे जेवण, कुराणखानीचा खर्च, कबरीवरचे बांधकाम हे ज्याला करायचे त्याने आपल्या पैशातून करावे. ते तर्क्यातून वजा करायला अल्पवयीन वारसांची संमती घेता येत नाही, आणि हे सांगणारा माणूस बैठकीत नेहमी वाईट ठरतो.

न दिलेला मेहेर हे कर्जच आहे. निकाहनाम्यात लिहिलेली आणि कधीच न दिलेली रक्कम विधवेला वारसा मिळण्याच्या आधी मिळायला हवी, आणि ती मिळेपर्यंत नवऱ्याच्या ज्या मालमत्तेचा रास्त ताबा तिच्याकडे आहे तो तिला राखता येतो. मय्यतीच्या वेळी खाटेपाशी बायकोकडून ‘मेहेर माफ केला’ असे वदवून घेण्याची पद्धत काही घरांत आहे. रडत असलेल्या बाईच्या त्या शब्दावर हिशेब उभा करू नये. माफी द्यायची असेल तर ती नंतर शांतपणे, समजून उमजून द्यावी.

वसियतीला एक तृतीयांशाची मर्यादा हदीसवरून आली आहे : सअद बिन अबी वक्कास यांना पैगंबरांनी एक तृतीयांश सांगितले आणि तेही पुष्कळ आहे असे म्हटले. सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेली वसियत बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय लागू होत नाही, मग ती कितीही लहान असो. शिया कायद्यात एक तृतीयांशाच्या आत वारसालाही वसियत करता येते.

एक हिशेब पूर्ण करून

एका सुन्नी गृहस्थांच्या मागे पत्नी, आई, दोन मुलगे, एक मुलगी आणि आधीच वारलेल्या तिसऱ्या मुलाची मुलगी आहे, असे धरू. सदनिका ५८ लाखांची, बँकेत १२ लाख, एकूण ७० लाख. कफन-दफन ४० हजार, रुग्णालयाची थकबाकी २ लाख ६० हजार, एका स्नेह्याचे उसने २ लाख, राहिलेला मेहेर १ लाख. असे ६ लाख गेले आणि ६४ लाख उरले. त्यांनी नातीसाठी ४ लाखांची वसियत केलेली होती. ६४ लाखांचा तिसरा भाग सुमारे २१ लाख ३३ हजार, त्यामुळे वसियत मर्यादेत आहे. वारसांसाठी राहिले ६० लाख.

मुले असल्यामुळे पत्नीचा हिस्सा १/८ आणि आईचा १/६. दोन्हींना सामावणारा छेद २४ : पत्नीचे ३, आईचे ४, उरले १७. हे १७ मुलामुलींत दोनास एक या प्रमाणात, म्हणजे २, २ आणि १ अशा पाच वाट्यांत जायचे. १७ चे पाच सारखे भाग पडत नाहीत, म्हणून २४ ला पाचाने गुणून १२० करावे. आता पत्नी १५, आई २०, प्रत्येक मुलगा ३४, मुलगी १७. बेरीज १२० येते का ते ताडून पाहावे. ६० लाखांचे १२० भाग केले तर एक भाग ५० हजारांचा होतो. पत्नीला साडेसात लाख, आईला दहा लाख, मुलांना सतरा-सतरा लाख आणि मुलीला साडेआठ लाख. पत्नी एकापेक्षा अधिक असत्या तर तो एकच १/८ त्यांच्यात सारखा वाटला गेला असता.

मूल किंवा मुलाचे मूल नसेल तर पत्नीला १/८ ऐवजी १/४ मिळतो आणि पत्नी वारल्यास पतीला १/४ ऐवजी १/२. मुलगा नसेल तर एका मुलीला १/२, दोन किंवा अधिक मुलींना मिळून २/३. एक गोष्ट भाऊबंद मुद्दाम सांगत नाहीत : सुन्नी कायद्यात मृत व्यक्तीला मुलगी आणि सख्खी बहीण असेल आणि मुलगा, मुलाचा मुलगा, वडील, आजोबा, सख्खा भाऊ यांपैकी कोणी नसेल, तर मुलीचा हिस्सा जाऊन उरलेले त्या बहिणीला मिळते, चुलत भाऊ कितीही जवळचा म्हणवत असला तरी त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही.

कधी हिश्शांची बेरीज एकापेक्षा जास्त होते. पती, दोन मुली, आई आणि वडील असे वारस असतील तर १/४, २/३, १/६ आणि १/६ मिळून १५/१२ होतात. सुन्नी हिशेबात यावर ‘औल’ हा उपाय आहे : छेदच १५ करायचा, म्हणजे पतीला ३/१५, मुलींना मिळून ८/१५, आई-वडिलांना २/१५ प्रत्येकी, सगळ्यांनी सारख्या प्रमाणात थोडे कमी घ्यायचे. शिया कायदा औल मानत नाही, तेथे तूट मुलींच्या वाट्यातून जाते आणि त्यांना मिळून ५/१२ राहतात. निपुत्रिक शिया विधवेला पतीच्या जमिनीत हिस्सा नसतो, हेही लक्षात ठेवावे. तिला जंगम मालमत्तेत आणि इमारतीच्या किमतीत चौथा हिस्सा मिळतो.

जे वारस ठरत नाहीत

वरच्या हिशेबातील नात हिचे काका हयात असल्यामुळे तिला वारसा म्हणून काही मिळत नाही, आणि या नियमाची टोचणी प्रत्येक जमातीत आहे. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने अशा पोरक्या नातवंडांना त्यांच्या बापाचा हिस्सा दिला. भारतात तसा कायदा नाही. येथे आजोबांनीच हयातीत सोय करावी लागते : एक तर वसियत, नाही तर हिबा. सावत्र मूल, पाळलेले मूल आणि धर्म न बदललेला सासर-माहेरचा हिंदू किंवा ख्रिस्ती नातेवाईक हेही मुस्लिम व्यक्तीचे वारस होत नाहीत, त्यांच्यासाठीही हेच दोन मार्ग आहेत. धर्म सोडलेल्या मुसलमान मुलाचा हक्क मात्र १८५० च्या कायद्यामुळे भारतात बुडत नाही.

हिब्याला तीन गोष्टी लागतात : देण्याची स्पष्ट घोषणा, घेणाऱ्याची स्वीकृती आणि ताबा. मुस्लिम हिबा तोंडीही वैध असतो आणि लेखी केला तरी नोंदणीवाचून अवैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. तरीही मी नोंदणीचाच आग्रह धरीन, कारण ताबा दिला होता की नाही हे पंधरा वर्षांनी शेजाऱ्यांच्या आठवणींवर सिद्ध करावे लागते. मृत्युशय्येवर, म्हणजे मर्जुल मौतमध्ये, केलेला हिबा वसियतीसारखाच धरला जातो आणि त्यालाही एक तृतीयांशाची मर्यादा लागते.

बहिणीचा हिस्सा आणि हक्कसोड

रूढी कायद्याने हरली तरी बैठकीत ती अजून जिंकते, आणि ती बहुतेक वेळा हक्कसोडपत्राच्या रूपाने जिंकते. बहिणीला वाटते की हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ईदला कोणी बोलावणार नाही, बाळंतपणाला कोणी विचारणार नाही. एका वाटणीत मी समोर बसलो होतो. बहीण सही करायला पेन उचलून थांबली आणि विचारती झाली, ‘माझं किती होतं ते तरी सांगा.’ कोणीच आकडा काढलेला नव्हता. तेव्हापासून मी आकड्याचा कागद आधी मागतो.

लग्नातला जहेज, हजला पाठवलेला खर्च किंवा शिक्षणाचे पैसे हे हयातीतले देणे आहे. ते वारशातून वजा होत नाही. वडील हयात असताना मुलीने लिहून दिलेली हक्कसोड मुळातच पोकळ असते, कारण तेव्हा तिच्याजवळ सोडण्यासारखा हक्कच नसतो, केवळ आशा असते. मात्र मोबदला घेऊन, आपण पुढे काही मागणार नाही असा भरवसा देऊन इतरांना त्यावर विसंबायला लावले असेल, तर तिला नंतर दावा करण्यापासून अडवले जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ आणि २०११ च्या निकालांनी दाखवले आहे. म्हणून बापाच्या हयातीत पैसे घेऊन सही करायला सांगितली तर मुलीने ते हलक्यात घेऊ नये.

मृत्यूनंतरची तडजोड फिकहलाच, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रालाच, मान्य आहे. तिला ‘तखारुज’ म्हणतात : एखादा वारस ठरलेली रक्कम किंवा वस्तू घेऊन वाटणीतून बाहेर पडतो. वरच्या उदाहरणात देणी आणि वसियत भागल्यावर रोख फक्त दोन लाख उरले आणि बाकी सगळे सदनिकेत अडकले. मुलगे तेथेच राहतात, मुलगी सासरी आहे. तिचे साडेआठ लाख भिंती कापून देता येत नाहीत. अशा वेळी ते दोन लाख आता आणि उरलेली रक्कम भावांनी ठरलेल्या तारखांना द्यावी, किंवा तिने आपखुशीने सहा लाखांवर समाधान मानावे. दोन्ही चालते, फक्त साडेआठ हा आकडा कागदावर लिहिलेला असावा आणि पूर्ण रक्कम हाती पडेपर्यंत हक्कसोडपत्रावर सही होऊ नये. स्थावर मालमत्तेतील हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. मुद्रांक शुल्क किती लागेल ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे, आणि बहिणीबरोबर तिच्या बाजूचे, तिला विश्वास वाटणारे कोणी तरी न्यावे.

वारस अल्पवयीन असतील तर येथे थांबावेच लागते. मुस्लिम कायद्यात आई ही मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नसते; तो अधिकार वडील, वडिलांनी नेमलेला व्यवस्थापक, आजोबा आणि आजोबांनी नेमलेला व्यवस्थापक यांचा. त्यांच्यापैकी कोणी नसेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते. विधवेने मुलांच्या वतीने केलेली घराची विक्री किंवा हक्कसोड रद्दबातल असते, मग तिचा हेतू कितीही चांगला असो आणि जमातीच्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी साक्षी केलेल्या असोत.

सरकारी कागद

मृत्यूचा दाखला मिळताच सर्व वारसांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करावी. तीत विवाहित मुली आणि विधवा आई यांची नावे असायलाच हवीत. ती गाळलेली वंशावळ हा पुढच्या फौजदारी तक्रारीचा हमखास आधार असतो. शेतजमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कळवावे. त्यानंतर फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत आली नाही तर नोंद मंजूर होऊन सात-बारावर नावे चढतात. फेरफारात हिस्से बहुधा लिहिले जात नाहीत, नुसती नावे येतात. दोन्ही भावांनी आणि बहिणीने सात-बारावरची नावे पाहून आपले वाटे समान आहेत असे समजू नये. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी तिच्याने ठरत नाही. प्रत्यक्ष सरसनिरस वाटप कलम ८५ खाली तहसीलदारांकडे मागता येते, मात्र १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान क्षेत्राचे आणखी तुकडे पाडताना अडचण येते आणि तेथेही तखारुजच उपयोगी पडतो.

शहरातील घरासाठी मालमत्ता पत्रक किंवा संस्थेचे भाग प्रमाणपत्र, तर बँकेतील रक्कम आणि शेअर यांच्यासाठी १९२५ च्या कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. स्थावर मालमत्तेसाठी वारस प्रमाणपत्र १८२७ च्या मुंबई नियमन ८ खाली दिवाणी न्यायालयातून मिळते. मौलवींचा फतवा किंवा जमातीने काढून दिलेला फरायजचा तक्ता हिशेब समजण्यासाठी उत्तम असतो आणि घरात त्याला मान असतो, पण बँक आणि महसूल कार्यालय तो स्वीकारत नाहीत.

हे सगळे लांबणीवर टाकले तर काय होते, याचे उत्तर वरच्याच घरात आहे. आईचे दहा लाख तिच्या नावे लागण्याआधी ती वारली, तर ते दहा लाख परत नातवांकडे येत नाहीत. तिचे इतर मुलगे, म्हणजे मृत गृहस्थांचे भाऊ, हयात असतील तर ती रक्कम त्यांच्यात आणि तिच्या मुलींत दोनास एक प्रमाणे वाटली जाते, आणि ज्या सदनिकेत दोन भाऊ राहतात तिच्यात काका आणि आत्याही भागीदार होतात. फरायजच्या हिशेबात याला मुनासखा म्हणतात; दोन मृत्यूंचा हिशेब एकात एक बसवावा लागतो, आणि तिसरा मृत्यू झाला की छेद हजारांत जातो.